चौकअष्ट्याचा कंप्युटर

द्वारकाबाईनं चारी चिंचोके फडक्यात बांधले, फडक्याला गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि ती पुरचुंडी कमरेला खोचून ती उठली.

"आजपून तुमच्यासंगं खेळणार न्हाई," ती म्हणाली.

ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूनं आखलेला पट तसाच राहिला. तिच्या नवऱ्याची, सोनाजीची एक सोंगटी फुल्लीच्या घराच्या एक घर अलीकडं उभी होती. फुल्लीत शिरली असती तर तिला कुणी मारू शकलं नसतं. पण आता डावच मोडला म्हटल्यावर ती बिचारी कुठं शिरणार?

घडलं होतं ते एवढंच. चौकअष्ट्याला चार चिंचोके लागतात, मधोमध फोडलेले, एक अंग काळं नि एक पांढरं. टाकायचे, आणि जितकी पांढरी अंगं वर तितकं दान मोजायचं. चारी पांढरे पडले की चौक, चारी काळे पडले की अष्टा, आणि या दोन्हींवर आणखी एक डाव फुकट. त्या संध्याकाळी द्वारकाबाईनं चिंचोके टाकले आणि सोनाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की तिच्या करंगळीनं एक चिंचोका हळूच उलटा केला. मग "तीन!" म्हणत तिनं सोंगटी उचललीसुद्धा.

"रडी!" सोनाजी ओरडला होता. "करंगळीनं फिरवलास तू! मी बघितलं."

"मी रडी खेळणारी वाटते व्हय तुमाला?"

"वाटत न्हाई. दिसलीस."

हे 'दिसलीस' जरा जास्त झालं, हे सोनाजीला तोंडातून निघाल्यावर कळलं. पण निघालेला शब्द आणि गिरणीच्या तोंडात गेलेली ज्वारी, दोन्ही परत काढता येत नाहीत. हे गिरणीवाल्याला कुणी शिकवायला नको.

सोनाजीची हट्टा गावात पिठाची गिरणी होती. बहात्तरचा दुष्काळ सरला, गावात वीज आली, तशी त्यानं डिझेलचं इंजिन काढून मोटार बसवली आणि तेव्हापासून विजेतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत झाली. गावाचीही झाली. एकुलती लेक पारू आखाडा बाळापूरला दिली होती. घरात नवरा, बायको आणि एक मांजर. दिवसभर गिरणीची घरघर कानात भरून घेतल्यावर संध्याकाळी ओसरीवर चिंचोक्यांचा जो बारीक खडखड आवाज व्हायचा, त्यावर सोनाजीचा दिवस उभा होता. तो फारसा जिंकत नसे. पण हरायचा तोही अगदी थोडक्यात, आणि थोडक्यात हरणाऱ्या माणसाला उद्याची आशा असते.

आता ते सगळं बंद झालं. द्वारकाबाई त्याच्याशी बोलायचीही नाही. बोलायची ती मांजराशी.

"मांजरे, ज्याला भाकर खायची असंल त्यानं हात धुवावे म्हणावं."

सोनाजी हात धुवायचा. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द बोलला असता तर त्याच रात्री पट मांडला गेला असता. पण डोळ्यांनी बघितलेलं चुकलं कसं म्हणायचं? खोटं बोलून बायको मिळवायची, की खरं धरून मांजराच्या मार्फत भाकर खायची? सोनाजीला दोन्ही जमेना. त्याला डाव हवा होता, आणि डाव खरा हवा होता.

अशात तो गिरणीचा पट्टा आणायला वसमतला गेला. येताना यष्टीत शेजारी परभणीच्या कॉलेजात शिकणारा एक चष्मेवाला बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की अमेरिकेत कंप्युटर म्हणून यंत्र निघालंय आणि ते माणसाबरोबर बुद्धिबळ खेळतं.

सोनाजी सावरून बसला. "रडी खेळतं का?"

"यंत्र कसली रडी खेळतंय, काका? त्याला ना सगा ना सोयरा. जे असंल ते बराबर दाखवतंय."

त्यानंतर तो चष्मेवाला बराच वेळ बोलत होता, पण सोनाजीच्या कानात काही शिरलं नाही. हट्ट्याचा फाटा आला तरी तो बसूनच राहिला आणि कंडक्टरनं पट्ट्यासकट त्याला खाली उतरवला.

पुढचे दिवस सोनाजी गिरणीत होता म्हणायला होता. मोटार घुमायची, पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत यायची, तिच्यात पीठ तरंगत राहायचं, आणि सोनाजी त्या तिरपेकडं बघत बसायचा. त्याला तिथं ओसरी दिसायची. मध्ये यंत्र. यंत्रावर चार दिवे. चाक गरगर फिरतंय, हळू होतंय, थांबतंय, आणि जितके दिवे लागले तितकं दान. कुणाची करंगळी नाही, कुणाचा संशय नाही. पलीकडं द्वारकाबाई, आणि ती मांजराकडं न बघता त्याच्याकडं बघून हसतेय. एवढ्यात शेजारची नीलाबाई येऊन त्याचं स्वप्न मोडायची.

"सोनाजीदादा, पुरणाच्या पोळीला गहू दिले व्हते मी. हे काळं काहून?"

"बाजरी पौष्टिक असती," सोनाजी म्हणायचा आणि परत तिरपेत शिरायचा.

यंत्राला सगळ्यात आधी चाक पाहिजे होतं. ते कुठलंही चालणार नव्हतं. चाक निःपक्षपाती पाहिजे. सोनाजी संतरामच्या सायकलच्या दुकानात गेला आणि टांगलेली चाकं एकेक करून फिरवू लागला. फिरवायचं, हात मागं बांधून उभं राहायचं, आणि कुठं थांबतंय ते बघायचं. जे चाक बघावं ते हवा भरायचा व्हॉल खाली आला की थांबायचं.

"हे बी पक्षपाती," सोनाजी म्हणायचा आणि पुढचं धरायचा.

संतराम पंक्चर काढता काढता हे बघत होता. "दादा, गिऱ्हाईक चाक घेतं ते पळावं म्हणून. तुमी थांबावं म्हणून घेऊन राहिले. करून काय राहिले तुमी?"

"कंप्युटर."

"ते काय असतंय?"

"खेळ खेळतंय. पण रडी खेळत न्हाई."

"मंग आपल्या गावात कसं चालंल ते?" संतराम म्हणाला. मात्र माणूस जाणता होता. व्हॉल जड असतो, चाक उभं ठेवलं तर तो खालीच येणार. आडवं ठेवा, मग खाली-वर भानगडच राहत नाही, ही अक्कल त्यानंच दिली. चाकही दिलं. पैसे म्हणून घेईना. फक्त म्हणाला, "एवढी मोठी वस्तू गावात होऊन राहिली, तर आमच्या वरच्या आळीचा एक दिवा तिच्यात लावा. मान म्हणून." आणि त्यानं सायकलच्या मागचा लाल दिवा काढून सोनाजीच्या हातावर ठेवला.

सोनाजी खूश होऊन घरी आला. चार दिवे लागणारच होते, त्यातला एक फुकट मिळाला. हट्ट्यात पोळ्याला कुणाचा बैल पुढं चालवायचा यावरून वरच्या नि खालच्या आळीत बाराही महिने अबोला चालतो, हे त्या आनंदात तो विसरला.

संध्याकाळी खालच्या आळीचा कोंडीबा दारात उभा. त्याच्या हातात बॅटरी, आणि बॅटरीचं डोकं काढलेलं.

"सोनाजीराव, वरच्या आळीचं चाक, वरच्या आळीचा दिवा. आन् खालची आळी काय मेली व्हय?"

त्यानं बॅटरीतला दिवा काढून दिला. दुसऱ्या दिवशी ग्यानोबा आला. हा साखर कारखान्याच्या उसाचा ट्रक चालवायचा. कारखाना बंद होता, ट्रक दारात उभा होता आणि ग्यानोबाला करमत नव्हतं. त्यानं ट्रकचा पुढचा दिवा आणला, तो पेटवायला ट्रकची बॅटरी आणली आणि वर रबरी फुग्याचा भोंगा आणला.

"भोंगा कशाला रे?" सोनाजीनं विचारलं.

"चौक पडला, अष्टा पडला, की वाजवायचा. मी सोता वाजवीन. तुमाला तकलीफ न्हाई."

सोनाजीला भोंगा नको होता. पण लग्नात आलेलं भांडं 'आमच्याकडं आहे असलं' म्हणून कुणी परत करतं का? त्यानं भोंगा घेतला. चौथा दिवा तो वसमतहून चांगला, स्वतःच्या पसंतीचा आणणार होता. तेवढ्यात काठी टेकीत चतुराबाई आली. ही सोनाजीची आत्या, आणि पूर्ण गावाचीच आत्या.

"साऱ्या गावाला इचारलंस, मला न्हाई इचारलंस. तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी कुणी वढली?"

"आत्या, तुझ्याकडं दिवा कुठं हाय?"

आत्यानं पदराची गाठ सोडली. तिच्या लेकानं हैदराबादहून आणलेल्या रेडिओत, स्टेशनच्या पट्टीमागं जो इवलासा दिवा असतो, तो तिनं कुणाकडून तरी काढून आणला होता. "रेडिओ काय, दिव्यावाचूनबी बोलतो," ती म्हणाली. "काटा कुठं हाय ते मला तसंबी दिसत न्हाई."

झाले चार दिवे. आता ते लावायचे कसे? सोनाजीच्या स्वप्नात ते एका ओळीत होते. ओळ म्हटलं की पहिला आला, आणि पहिला म्हटलं की पोळा आला. संतराम म्हणाला, चाक आमचं. कोंडीबा म्हणाला, मागच्या पोळ्याला तुमीच पुढं व्हते. ग्यानोबाचं म्हणणं, दिवा ज्याचा मोठा तो पुढं. चतुराबाई नुसतीच रडायला लागली. शेवटी सोनाजीनं चारी दिवे आडव्या चाकाच्या चारी अंगांना गोल लावले. "गोलात पहिला कोण न् शेवटला कोण?" तो म्हणाला. सगळे गोलाभोवती एक फेरी मारून आले, आणि कुणालाच काही सापडलं नाही म्हणून गप्प बसले.

पहिल्या चाचणीला सोनाजीनं चारी दिवे ट्रकच्या बॅटरीवर जोडले. विजेतलं त्याला किती कळत होतं ते तेव्हा कळलं. कोंडीबाचा दिवा वीज चमकावी तसा चमकला आणि कायमचा डोळा मिटून बसला.

"आमच्या आळीचा दिवा फोडला!" कोंडीबानं गल्लीत जाऊन हाळी दिली. "हे ठरवून केलंय! वरच्या आळीवाल्यांनी सोनाजीला फितवलंय!"

ते मिटवायला सोनाजीला वसमतहून नवा दिवा आणून द्यावा लागला, आणि ज्याचा दिवा त्याची बॅटरी असा करार करावा लागला. ट्रकच्या दिव्याला ट्रकची बॅटरी, कोंडीबाच्या दिव्याला कोंडीबाचे सेल, सायकलच्या दिव्याला निराळे, रेडिओच्या दिव्याला निराळे. पाटावर मावणारं यंत्र आधी चौरंगावर गेलं, मग पेटीवर, आणि शेवटी आत्याची बाज आणून अंगणात टाकली तेव्हा कुठं मावलं. सोनाजीनं चाकावर पुठ्ठा बांधला आणि गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचे तुकडे त्यावर ठोकले. चाक थांबलं, की पत्र्यावर टेकलेली पितळी पट्टी आपला दिवा पेटवणार. पत्रा नसेल तिथला दिवा विझलेला राहणार. कुठं पत्रा आहे नि कुठं नाही हे आपल्यालाही ठाऊक नसावं, म्हणून त्यानं तुकडे डोळे मिटून ठोकले. त्या न्यायापायी त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, पण सोनाजीला त्याचं काही वाटलं नाही. अंगठा तोंडात धरून तो बाजेशेजारी बसून राहिला आणि बोटानं चाक फिरवून बघत राहिला. पत्र्याचे तुकडे उन्हात चमकत चमकत गोल जात होते. त्याला वाटलं, बस्स, आता एकदा ती समोर येऊन बसली पाहिजे.

आतून आवाज आला, "मांजरे, अंगणात बाज कुणाची? कुणी गेलं-बिलं काय आपल्यात?"

मांजर काही बोललं नाही. सोनाजीच धीर करून म्हणाला, "मांजरे, सांग म्हणावं, डाव मांडायचाय. यंत्र दान टाकणार हाय. आता कुणी कुणाला काही म्हणायचं न्हाई."

आत भांड्यांचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणि सोनाजीला त्यातून हो की नाही काहीच कळलं नाही.

डावाच्या दिवशी उन्हं कलली तशी दोन्ही आळ्या अंगणात जमल्या. कंप्युटर कंप्युटर म्हणतात तो बघायला बाया दळणाचे डबे घेऊनच आल्या. पट बाजेच्या शेजारी सारवलेल्या जमिनीवर आखला. एका बाजूला सोनाजी, धुतलेलं धोतर नेसून. दुसरी बाजू मोकळी. सगळं गाव त्या मोकळ्या जागेकडं बघत होतं, आणि सोनाजीही. यंत्र चालो न चालो, ती जागा मोकळी राहिली तर यंत्राला जाळायचंय काय?

द्वारकाबाई बाहेर आली. हात पुसले, पदर खोचला, मांजराला उचलून बाजूला ठेवलं आणि बसली.

"चतुराआत्या," ती म्हणाली, "चाक तुमी फिरवा. त्यांचा हात नको, माझाबी नको."

आत्यानं चाक फिरवलं. फिरलं हो, काय फिरलं! संतरामनं छर्रे नवे घालून, तेल पाजून दिलेलं चाक ते. गाव डोळे ताणून बघत होतं. चाक फिरत होतं. गावानं एकदा पापण्या मिटून घेतल्या, परत उघडल्या. चाक फिरत होतं.

"ब्रेक लावू का?" संतरामनं विचारलं.

"न्हाई!" सोनाजी ओरडला. "ब्रेक आला की हात आला, हात आला की करंगळी आली. सोताहून थांबू दे."

थांबलं एकदाचं. ट्रकचा दिवा पेटला आणि समोर बसलेल्या सगळ्यांचे डोळे दिपले. त्या उजेडात बाकीचे पेटले की नाही कुणालाच दिसेना. मग ज्याचा दिवा त्यानं जवळ जाऊन, हाताचा आडोसा धरून बघायचं आणि गावाला सांगायचं असं ठरलं.

"लाल न्हाई पेटला," संतराम.

"आमचाबी न्हाई," कोंडीबा पडेल आवाजात म्हणाला.

चतुराबाईनं नाक दिव्याला टेकवलं. "माझाबी इझलेला हाय, बाबा."

"एक," सोनाजी म्हणाला आणि सोंगटी एक घर सरकवली.

द्वारकाबाईची पाळी आली. चाक फिरलं, फिरलं, थांबलं. "पेटला!" "पेटला!" "पेटला!" ट्रकचा तर दिसतच होता. चौक! ग्यानोबानं भोंगा असा वाजवला की गोठ्यातली म्हैस दाव्यासकट उठली. चौकावर फुकटचा डाव, त्यात अष्टा, परत भोंगा. सोनाजीला परत एक. तिला तीन. त्याला दोन. त्यानं उत्साहात फुल्लीचं घर सोडून सोंगटी पुढं काढली.

"अरे, फुल्ली सोडून काहून निघालास?" आत्या कळवळून म्हणाली. "मागं ती बसलीय!"

"पुढं जायचं, आत्या," सोनाजी म्हणाला, आणि पुढच्याच दानाला द्वारकाबाईनं ती सोंगटी मारली. तिचा चेहरा मात्र जिंकणाऱ्या बाईसारखा नव्हता. सोंगटी उचलताना तिनं त्याच्याकडं एकवार बघितलं आणि खाली मान घातली.

असं चालू राहिलं. यंत्राला खरोखरच सगा नव्हता. चाक थांबायला एवढा वेळ लागायचा, की मधल्या वेळात बायांना चुली आठवायच्या. एक एक डबा उचलला जाऊ लागला. अमेरिकेतल्या लोकांना कामधंदे नसतील असं म्हणत वरची आळी गेली. वरची गेली म्हणून खालचीही गेली. संतराम दुकान बंद करायला गेला. कोंडीबानं जाताना सोनाजीला बजावलं, "माझा पेटला तर पेटला म्हणा. झाकून ठिवू नका." ग्यानोबानं भोंगा त्याच्या मांडीवर ठेवला. "तुमीच वाजवा, दादा. तिच्याच दानाला वाजवून वाजवून माझा हात गेला." शेवटी चतुराबाईनं कंबर धरली. "आता फिरवा तुमचं तुमी. नवरा-बायकोत कसला आलाय पंच?"

अंगण रिकामं झालं. दिवेलागण झाली होती आणि ट्रकची बॅटरी उतरत चालल्यामुळं मोठ्या दिव्याचा उजेड पिवळा, मऊ झाला होता. त्या उजेडात लाल दिवा दिसू लागला, बॅटरीचा दिसू लागला, आणि आत्याचा इवलासा दिवासुद्धा दिसू लागला. सोनाजीनं स्वप्नात बघितलं होतं ते बराबर असंच होतं. फक्त तो हरत होता, आणि कधी नव्हे इतका हरत होता. त्याच्या चारी सोंगट्या मार खाऊन परत सुरुवातीच्या घरात बसून होत्या. द्वारकाबाईच्या तीन पोचल्या होत्या.

तिनं चाक फिरवलं. ते थांबेपर्यंत करायला काही नव्हतं. तिनं सवयीनं मांजर शोधलं, पण तेही कंटाळून गेलं होतं.

"पारूची माय," सोनाजी म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो मांजराला सोडून तिच्याशी बोलत होता. "चुकलं माझं."

ती चाकाकडं बघत राहिली.

"यंत्रानं दाखवलं. तुला दानच तसं पडतं. करंगळीची गरजच न्हाई तुला. मी उगं बोललो. तू रडी खेळत नव्हतीस."

चाक फिरत होतं. पत्र्याच्या तुकड्यांवर पट्ट्या घासत होत्या, दिवे लागत होते, विझत होते. द्वारकाबाईच्या तोंडावर लाल उजेड यायचा, जायचा.

"खेळत व्हते," ती म्हणाली.

"आं?"

"रडी. खेळत व्हते मी. तुमी बराबर बघितलं."

सोनाजीनं चाकावरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"पर बघितलं ते अर्धंच," ती म्हणाली. "त्या दिवशी मला दान काय पडलं व्हतं?"

"तीन."

"तीन मी केले. पडला व्हता चौक. तुमची सोंगटी माझ्यापून चवथ्या घरात, आन् फुल्लीला एकच घर उरलं व्हतं तिला. मारली असती, मंग तुमी भाकर अर्धी टाकून उठले असते. रातभर वर बघत पडले असते. म्हणून केला एक उलटा. तर तुमी म्हणाले रडी."

सोनाजीनं डोळ्यांपुढं तो पट आणला. फुल्लीच्या एक घर अलीकडं उभी सोंगटी. मागं चार घरांवर तिची. चार होतं खरं. त्या दिवशी त्याला करंगळी दिसली होती, घरं मोजायचं सुचलं नव्हतं.

"मंग तवाच सांगितलं काहून न्हाईस?"

"काय सांगू? तुमची सोंगटी राखून राहिले म्हणू? मंग डावाची काय गोडी ऱ्हाती तुमाला?"

"किती दिवसांपून चाललंय हे?"

"पारू व्हायच्या आधीपून."

आपण इतकी वर्षं थोडक्यात हरत होतो, ते थोडकं कुणी राखलं होतं, हे त्याला आता कळत होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असं काही भरून आलं की त्यानं मांडीवरचा भोंगा उगाच घट्ट धरला. भोंगा 'पों' करून वाजला.

"नागपंचमीला जिंकलो व्हतो मी," तो म्हणाला. "तेबी?"

"ते तुमचंच," द्वारकाबाई म्हणाली. पण म्हणताना ती चाकाकडं बघत होती.

चाक थांबलं. चारी दिवे विझलेले होते. म्हणजे अष्टा, आणि तिची शेवटची सोंगटी पोचली. भोंगा दोघांपैकी कुणीही वाजवला नाही.

द्वारकाबाईनं कमरेची पुरचुंडी काढली. एक गाठ सोडली, दुसरी गाठ सोडली. चिंचोके तिथंच होते. इतके दिवस ती ते कमरेला घेऊनच हिंडत होती. सोनाजीनं ट्रकचा दिवा पेटेपर्यंत चाक बोटानं थोडं सारलं, पट पुसला आणि नव्यानं आखला.

डाव रंगला. सोनाजीनं परत फुल्लीचं घर सोडलं, परत सोंगटी उघड्यावर काढली. तिच्या मागं बराबर चौथ्या घरात द्वारकाबाई होती. तिनं चिंचोके खुळखुळवले आणि टाकले. चार पांढरी अंगं त्या पिवळ्या उजेडात वर आली. तिची करंगळी जमिनीवरून हळूच पुढं सरकली.

सोनाजीनं मान वळवली आणि यंत्राकडं बघितलं. यंत्र छान झालं होतं. चाक आता अगदी स्थिर होतं आणि त्यावर कुठूनसं येऊन मांजर झोपलं होतं. त्यानं त्याच्याकडं पुरेसा वेळ बघून घेतलं.

मग तो वळला. चिंचोके त्यानं मोजलेसुद्धा नाहीत.

"तीन," सोनाजीच म्हणाला, आणि तिची सोंगटी स्वतःच्या हातानं तीन घरं पुढं ठेवली.